विश्लेषण : तळे शेतकऱ्याचे, बदके सर्वांची, मग खर्च कोणाचा?

हिवाळा लागला की अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात उत्तरेकडून रानबदकांचे थवे उतरू लागतात. मिसुरी, आर्कान्सास यांसारख्या राज्यांतील अनेक शेतकरी या दिवसांसाठी आपले तळे वर्षभर तयार करत असतात. पहाटे काठावरच्या लपणात बसायचे, पाण्यावर नकली बदके सोडायची आणि खरी बदके उतरू लागली की बंदूक उचलायची, हा तिथला कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे हेच केले तर वनखात्याचा गुन्हा दाखल होतो.

दोन्ही देशांचे कायदे दोन टोकांचे वाटतात. तरी त्यांचा पाया एकच आहे : तळे शेतकऱ्याच्या मालकीचे असले तरी त्यावर उतरलेले रानबदक त्याच्या मालकीचे नसते. मात्र या ‘सर्वांच्या’ बदकांना सांभाळण्याचा खर्च कोणी उचलायचा, हे अमेरिकेने ठरवून टाकले. आपण शिकार थांबवली आणि ते योग्यच केले. पण खर्चाचा प्रश्न तसाच राहिला.

अमेरिकेत स्वतःच्या तळ्यावर हवी तेवढी बदके मारता येतात का?

नाही. स्थलांतरित पक्ष्यांचा संघीय कायदा १९१८ पासून लागू आहे आणि खासगी जमिनीलाही त्यातून सूट नाही. मिसिसिपी खोऱ्यात एका माणसाला दिवसाला जास्तीत जास्त सहा बदके मारता येतात. त्यातही मॅलार्ड जातीची चारच, आणि त्या चारांत माद्या दोनच. म्हणजे गोळी झाडण्याआधी उडणारे बदक कोणत्या जातीचे आणि नर की मादी, हे ओळखावे लागते.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंतच शिकार करता येते. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसे बसणार नाहीत अशी सोय करावी लागते. पाडलेले किंवा जखमी झालेले बदक शोधून काढण्याचा प्रयत्न करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठीच अनेक शिकारी लॅब्रॅडॉरसारखे पाण्यात उतरणारे कुत्रे सोबत ठेवतात.

ही मर्यादा कशावरून ठरते? मोजणीवरून. अमेरिका आणि कॅनडात १९५५ पासून दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास विमानातून बदकांची आणि पाणथळ जागांची पाहणी होते. आकडे घसरले तर शिकारीचे दिवस आणि संख्या दोन्ही कमी केले जातात.

मग वर्षभर तळ्यावर काय काम चालते?

बंदुकीचे काम मोजक्या दिवसांचे, बाकी सगळी शेतीच. मॅलार्डसारखी बदके पाण्यात बुडी मारत नाहीत. शेपटी वर आणि डोके खाली करून उथळ पाण्यातले बी, किडे टिपतात. त्यामुळे त्यांना साधारण वीतभर ते हातभर पाणी लागते. खोल तळे माशांना बरे, या बदकांना ते फक्त विश्रांतीपुरते उपयोगी.

म्हणून जाणकार शेतकरी वसंत ऋतूत तळ्यातले पाणी हळूहळू उतरवतो. उघड्या पडलेल्या चिखलात बारीक बियांचे गवत आपोआप उगवते. बी पिकले की पानगळीच्या दिवसांत पुन्हा पाणी सोडले जाते. न पेरता आलेले हे पीक बदकांचे जेवण होते. झाडाच्या ढोलीत घरटे करणाऱ्या वूड डकसाठी लाकडी पेट्या लावल्या जातात आणि साप किंवा रॅकून वर चढू नये म्हणून खांबाला पत्रा बसवला जातो. हे बदक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपत आले होते. आधी शिकारबंदी, मग अधिवास आणि घरटी, या क्रमाने ते सावरले.

आणखी एक नियम अनुभवातून आला आहे. एकाच तळ्यावर रोज बार काढले तर बदके तिथे यायचेच बंद होतात. त्यामुळे शहाणा शेतकरी काही दिवसांच्या अंतराने शिकार करतो, सकाळीच आटोपतो आणि तळ्याचा एक भाग पूर्ण शांत ठेवतो.

दाणे टाकून बदके बोलावली तर काय बिघडले?

अमेरिकेत तो गुन्हा आहे. तळ्यात मका किंवा गहू टाकून तिथे शिकार करता येत नाही. सगळे दाणे उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा शिकारीसाठी बंदच मानली जाते. उभ्या पिकात पाणी सोडले तर चालते, पण तेच पीक मुद्दाम आडवे करून दाणे पसरले तर चालत नाही. भुकेल्या पक्ष्याला ताटावर बोलावून मारणे हा खेळ नव्हे, आणि त्यात मर्यादेपेक्षा जास्त पक्षी सहज मरतात, हा त्यामागचा विचार. ब्रिटनमध्ये मात्र शेतातल्या तळ्यावर बार्ली टाकून शिकार करण्याची रीत चालते. एकाच छंदाचे नियम देशागणिक असे बदलतात.

शिशाच्या छऱ्यांवर बंदी का आली?

बदकाला अन्न दळण्यासाठी पोटात बारीक खडे लागतात. तळाशी पडलेले शिशाचे छरे ते खडे समजून गिळते आणि विषबाधेने मरते. म्हणजे नेम चुकला तरी बदक मरू शकते, तेही काही महिन्यांनी. मेलेले बदक खाणाऱ्या गरुडालाही तेच विष भिनते. म्हणून १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे वापरता येत नाहीत. पोलादी छरे हलके असल्याने जवळूनच मारावे लागते.

या सगळ्याचा पैसा कुठून येतो?

सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच. १९३४ मध्ये अमेरिकेने ‘डक स्टॅम्प’ काढला. पहिल्या तिकिटाचे चित्र जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढले होते. किंमत एक डॉलर होती, आज २५ डॉलर आहे. सोळा वर्षांवरील प्रत्येक बदक-शिकाऱ्याला तो घ्यावाच लागतो. प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागांसाठी जातात. आजवर ६० लाख एकरांहून अधिक क्षेत्र या पैशातून राखले गेले. शिवाय १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला.

शेतकऱ्यालाही यातून मिळते. १९५८ मध्ये कायद्यात बदल झाला आणि डाकोटासारख्या राज्यांत सरकार शेतकऱ्याशी करार करू लागले : जमीन तुझीच, कसणाराही तूच, फक्त पाणथळ जागा बुजवायची किंवा आटवायची नाही, त्याचा मोबदला घे.

ही पद्धत निर्दोष नाही. जखमी होऊन हातून निसटलेल्या बदकांचा प्रश्न आहेच. शिकाऱ्यांची संख्या घटली की पैसाही घटतो. पण हा स्टॅम्प शिकार न करणारे पक्षिप्रेमीही विकत घेतात, कारण तो संघीय राखीव क्षेत्रांत प्रवेशाचे तिकीट म्हणून चालतो. म्हणजे बंदूक वगळूनही ही व्यवस्था चालू शकते.

भारतात शिकार का थांबली?

आपल्याकडची बदकांची शिकार बहुतांशी दरबारी करमणूक होती. राजस्थानातील भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. जिथे मारलेल्या पक्ष्यांची नोंद अभिमानाने होते आणि उरलेल्यांची कोणी मोजत नाही, तिथे मर्यादा कसली ठरणार?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवान्याने शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. आज रानबदक मारणे, जाळ्यात धरणे, विष घालणे, घरटे किंवा अंडी नासवणे, या सगळ्याला कायदा शिकारच म्हणतो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मग आपणही परवाने द्यावेत का?

माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. अमेरिकेतला परवाना बंदुकीवर नाही, सत्तर वर्षांच्या मोजणीवर आणि तपासणीवर उभा आहे. ते दोन्ही नसताना परवाना दिला तर भरतपूरचीच छोटी आवृत्ती गावोगाव निघेल. त्यात आपल्याकडे उतरणारी तलवार बदके, थापट्या, चक्रवाक मध्य आशियातून, सायबेरियातून, हिमालयापलीकडून येतात. ती फक्त आपली नाहीत.

पण बंदी आहे म्हणून बदके सुरक्षित आहेत, असेही समजू नये. जाळी आणि विषारी दाणे चालूच आहेत. असे विषारी बदक ज्याच्या ताटात जाते, त्याच्या जिवालाही धोका असतो. आणि पाणथळ जागा बुजली तर एकही गोळी न झाडता बदके संपतात.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याने काय करावे?

पहिली गोष्ट, गुन्हेगार नीट ओळखावा. मत्स्यबीज फस्त करतात ते मुख्यतः पाणकावळे आणि बगळे. थापट्या किंवा हळदी-कुंकू बदक त्या फंदात फारसे पडत नाही. अडईसारखी बदके भाताच्या खाचरात दाणा टिपतात, ते नुकसान खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे माणसाची फेरी, झिरमिळ्या, आवाज आणि रोपवाटिकेवर जाळीचे आच्छादन. उभ्या पिकाचे नुकसान फारच झाले तर कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याकडे अर्ज करता येतो. पण लेखी आदेश मिळेपर्यंत पक्ष्याला हात लावता येत नाही.

दुसरी गोष्ट, प्लास्टिक अंथरलेल्या उभ्या काठाच्या शेततळ्यात बदकाला खायला काहीच नसते, आणि घसरून पडलेला प्राणी बाहेर येऊ शकत नाही. एका बाजूला दोर किंवा जाळीची शिडी सोडली तरी जीव वाचतात. बदकांसाठी खरे महत्त्वाचे आहेत ते मातीचे पाझर तलाव आणि गावतळी. हळदी-कुंकू बदक पावसाळ्यात पाण्याकाठच्या गवतात अंडी घालते. तेवढे दोन-तीन महिने एका काठाचे गवत कापले नाही तर पुरते.

खर्च कोणी उचलायचा?

नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ २०२० मध्ये जाहीर झाले. ते मुळात सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्याचे पाणी आहे. माणसाने शेतीसाठी अडवलेले पाणी पक्ष्यांचे घर होते, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

मग त्या घराचे भाडे एकट्या शेतकऱ्याने का भरावे? अशा ठिकाणी कॅमेरे घेऊन येणाऱ्या पर्यटकांच्या तिकिटातला ठरावीक वाटा आसपासच्या गावतळ्यांसाठी राखून ठेवता येईल. काठ राखणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला ठरलेली रक्कम देता येईल. पक्ष्यांमुळे झालेले नुकसान भरपाईत नीट मोजता येईल. हिवाळ्यात गावागावांतील शाळा आणि पक्षिमित्रांकडून मोजणी करून घेतली तर निदान किती बदके आली, किती घटली हे तरी कळेल.

अमेरिकेकडून बंदूक घेण्याची गरज नाही. तिकीट, मोजणी आणि शेतकऱ्याचा मोबदला या तीन गोष्टी मात्र जरूर घ्याव्यात. बदके सर्वांची आहेत असे कायदा म्हणतो. बिल आले की ती फक्त तळेवाल्याची होतात. ते बदलले तर तळ्यावर थवा उतरल्यावर शेतकरी हातात दगड घेणार नाही.