साखळीचे वळ कुणाला दिसतात?

मानवी तस्करी म्हटलं की आपल्याला कामाठीपुरा आठवतो, नाहीतर एखादा हिंदी सिनेमा. आमच्या धाराशिव जिल्ह्यात मात्र ती विहिरीच्या तळाशी सापडली. जून २०२३ मध्ये ढोकी पोलिसांनी खामसवाडी आणि वाखरवाडी इथून ११ मजुरांची सुटका केली. दिवसाला बारा-बारा तास विहीर खणायची, मजुरी शून्य, आणि रात्री पळू नयेत म्हणून चक्क साखळदंड! दलालांनी त्यांना ठेकेदारांना विकलं होतं. हे उघड कसं झालं? त्यातला एक जण निसटला, आपल्या हिंगोली जिल्ह्यात पोचला आणि तिथे बोलला, म्हणून.

म्हणजे आपल्यापैकी कुणाला ते दिसले नाहीत.

विहिरीच्या कामात माणूस जखमी होतोच. समजा असा एखादा दवाखान्यात आणला. सोबत ठेकेदाराचा माणूस. नाव, गाव, कसं लागलं, सगळी उत्तरं तोच देणार. आधार कार्ड, मोबाईल त्याच्याच खिशात. घोट्याला वळ. आपण काय करतो? ड्रेसिंग, धनुर्वाताचं इंजेक्शन, पुढचा पेशंट!

आमच्या वहिनी नर्स आहेत. त्यांना हे बोललो तर म्हणाल्या, "भाऊजी, ओपीडीत शंभर पेशंट, चौकश्या कधी करू? आणि हे आम्हाला शिकवलंय कुणी?" गर्दीचं कबूल. पण २०१२ चा पॉक्सो कायदा आला, तेव्हा लहान मुलांच्या केसेस कळवायला दवाखाने शिकलेच ना? मग मोठ्या माणसाचं का नाही? सोबत्याला बाहेर थांबवायचं, हवं तर एक्सरेच्या निमित्ताने पेशंटला एकटा आत घ्यायचा. झोपता कुठे, पगार कुणाकडे, घरी जायचं म्हटलं तर जाऊ देतील का, एवढंच विचारायचं. दोन मिनिटं. त्या माणसासमोर पोलिसांना फोन मात्र करायचा नाही, मार पेशंटलाच बसतो. आणि वळ कागदावर नीट लिहायचे. १९७६ च्या वेठबिगार कायद्याखाली सुटकेचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहेत, पण पुढे पुरावा लागतो, आणि वळ तर महिन्याभरात पुसले जातात.

हे शिकवायला परदेशी तज्ज्ञ नकोत (आणि पंचतारांकित कार्यशाळा तर नकोच नको). धाराशिवला २०२२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. आशाताई, नर्स, केसपेपर काढणारा कारकून, सगळ्यांना अर्धा दिवस बसवा. वहिनी म्हणतात, रविवारी ठेवलंत तरी येईन.