हाडवैद्याच्या दारीं गर्दी कां?

इचलकरंजीला खेटून असलेलें कबनूर म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट आणि भोंवतीं उंसाचे मळे. मागावरच्या कामगाराला मजुरी मिळते ती कापडाच्या मीटरावर. हात मोडला कीं त्याच दिवसापासून घरांत ओढाताण. अशा घरांतला गडी उंसाच्या गाडीवरून पडला, तर पुष्कळदां लोक त्याला आधीं हाडवैद्याकडे नेतात. यावर शहरांतले शिकलेले लोक नाक मुरडून म्हणतात, "अडाणी लोक!" आम्ही विचारतों, हा अडाणीपणा कीं हिशेब?

दवाखान्यांत जावयाचें तर सोबतीला एकजण हवा. म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. चिठ्ठीची रांग, फोटोची रांग, मग साहेबांची रांग. साहेब फोटो उजेडाकडे धरून चार इंग्रजी शब्द बोलतात आणि "प्लेट बसवावी लागेल" म्हणून पुढच्याला हांक मारतात. कां कापावयाचें, मागावर पुन्हां केव्हां उभें राहतां येईल, हें विचारण्याची गरिबाची छाती होत नाहीं. हाडवैद्य मात्र "कसं पडलासा, दादा?" असें विचारतो, हातानें चांचपतो, कांबट्या बांधतो आणि पट्टी सोडण्याचा दिवसहि सांगतो. कोल्हापुरच्या तालमींत तर उखळलेला सांधा बसविणें ही वस्तादांची जुनीच विद्या.

पण बांधवांनो, आम्ही हाडवैद्याचे भाट नव्हों! आंवळून बांधलेल्या पट्टीनें रक्त कोंडतें आणि कांहीं तासांतच स्नायू मरूं लागतात. लहान पोराचें कोपराजवळचें हाड मोडलें असतां ही भीति फार. हात जन्माचा आखडतो, कधीं कापावाहि लागतो. हाड कातडी फाडून बाहेर आलें असेल, तर त्यावर पाला बांधणें म्हणजे घातच. म्हाताऱ्या आईचा खुबा मोडला आणि तिला महिनोन्‌महिने खाटेवर ठेविली, तर पाठीला जखमा पडून ती हाताची जाते.

मग हाडवैद्याला कोर्टांत खेंचावें काय? विलायतेंत तेंहि करून झालें. वेल्समधील अँगलसी बेटावर हाडें बसविणारें एक घराणें होतें. त्यांतला इव्हान थॉमस लिव्हरपुलास येऊन धंदा करूं लागला, तेव्हां डॉक्टरांनीं त्याच्यावर खटले भरले. त्यानें आपल्या पांचहि मुलांना डॉक्टरी शिकविली! त्यांतला ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) गोदीकामगारांचीं हाडें बसवीत असे आणि रविवारीं गरिबांना फुकट तपाशीत असे. मांडीच्या हाडासाठीं त्यानें काढलेल्या चौकटीनें १९१४–१८ च्या महायुद्धांत कितीतरी शिपायांचे प्राण वांचविले. बापाचा हात आणि कॉलेजची विद्या एका घरांत आली, त्याचें हें फळ.

आमच्याकडे मात्र हाताची विद्या बहुजनांनीं सांभाळावी आणि पुस्तकाची दुसऱ्यांनीं, ही वांटणी अजून पुरती मोडली नाहीं. हाडवैद्याच्या मुलींनीं-मुलांनीं वैद्यकीय कॉलेजांत जावें, आणि तोंवर कोणता रोगी हातीं घ्यावयाचा नाहीं हें सरकारनें हाडवैद्यांना बोलावून शिकवावें. राज्याच्या आरोग्य-योजनेला २०१७ सालीं महात्मा जोतीराव फुल्यांचें नांव दिलें. तींत नेमलेल्या रुग्णालयांत हाडांच्या बऱ्याच शस्त्रक्रिया बिनपैशांत होतात. पण ज्याची मजुरी बुडते त्याला ही गोष्ट घरीं येऊन सांगतो कोण?

आज रात्रीं ज्यांच्या घरीं पट्टी बांधलेला माणूस निजला असेल, त्यांनीं दिवा लावून त्याचीं बोटें पाहावीं. तीं थंड, निळसर किंवा बधिर असलीं, अगर सरळ करतांना जीव जाईलशी कळ येत असली, तर सकाळची वाट न पाहतां पट्टी सोडावी आणि मोठा दवाखाना गांठावा.