सोसणे आणि सोडणे

ख्रिस्ती धर्माविषयी मराठी वाचकाला ज्या दोन-चार गोष्टी हमखास ठाऊक असतात, त्यांत क्षमेचा उपदेश ही एक. दुसरा गाल पुढे करण्याच्या त्या प्रसिद्ध शिकवणीचा उल्लेख आपल्याकडे बहुधा कौतुकाने होतो, क्वचित उपहासाने. पण दोन्ही वेळा गृहीत एकच असते, की क्षमा म्हणजे निमूट सोसणे. हे गृहीत तपासून पाहावे असे आम्हांला वाटते. सासरी छळ होणाऱ्या मुलीला किंवा अपमान गिळून काम करणाऱ्या माणसाला 'क्षमा करायला शीक' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा तो सद्गुणाचा उपदेश असतो की गप्प बसण्याचा हुकूम, हे आधी ठरायला हवे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'क्षमा' हा शब्द ज्या 'क्षम्' धातूपासून आला त्याचा मूळ अर्थ सहन करणे. पृथ्वीलाही 'क्षमा' म्हणतात, कारण ती सर्वांचा भार वाहते. गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांत क्षांती आहे, सोळाव्यातील दैवी संपत्तीत क्षमा आहे, आणि ज्ञानेश्वरांनी दोहोंवर ओव्या रचल्या आहेत. सहनशीलतेची ही परंपरा थोर आहे. तिला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीक भाषेत क्षमेसाठी जे क्रियापद मुख्यत्वे येते, त्या 'आफिएमी'चा अर्थ सोडून देणे, मोकळे करणे, जाऊ देणे असा आहे. येशूच्या हाकेला ओ देऊन कोळी आपली जाळी सोडतात तेथेही हेच क्रियापद आहे, आणि पेत्राच्या सासूचा ताप जातो तेथेही हेच. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत तर अपराधाला 'ऋण' म्हटले आहे. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतराने हे ऋण आणि ते 'सोडणे' दोन्ही जपले, ही भाषांतरकारांची मोठी कामगिरी होय. सोसणाऱ्याला हिशेब ठेवावा लागत नाही. ऋण सोडणाऱ्याला मात्र कोणाकडून किती येणे आहे हे आधी नीट माहीत असावे लागते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. सात वेळा क्षमा केली तर पुरे का, हा पेत्राचा प्रश्न आणि त्यावरचे सत्तरपटींचे उत्तर सर्वांना आठवते. त्या संख्येमागे उत्पत्तीच्या पुस्तकातील लामेखाची सूडाची दर्पोक्ती आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. सूड ज्या पटीने मोजला गेला होता त्याच पटीने येथे क्षमा मोजली आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे पेत्राच्या प्रश्नाआधी काय येते ते. भावाने अपराध केला तर त्याला एकांतात गाठून तो दाखवून द्यावा. ऐकले नाही तर दोघा-तिघांना साक्षीला न्यावे. तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे मांडावे, असा क्रम तेथे घालून दिला आहे. म्हणजे क्षमेच्या या उपदेशाचा आरंभच अपराधाचा उच्चार करण्यापासून होतो.

नंतरच्या दाखल्यात राजा एका दासाचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ करतो आणि तो दास बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा माफ झालेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके, कुणालाही जन्मात फिटू नये असे. प्रवचनांतून या रकमेपुढे शंभर दिनार क्षुल्लक ठरवले जातात. पण शंभर दिवसांची मजुरी ही गरिबाच्या घरी क्षुल्लक नसते! दाखला सांगणाऱ्याने दोन-चार नाणी सांगितली नाहीत, याला आम्ही अर्थ मानतो. दुसऱ्याने आपल्याला दिलेले दुःख खोटे किंवा किरकोळ आहे असे ही कथा म्हणत नाही. ते खरे आहे हे मान्य करून मगच ती सोडायला सांगते.

हा भेद विसरला गेला की काय होते, हे ख्रिस्ती जगानेच दाखवून दिले आहे. २००२ नंतर बोस्टनपासून आयर्लंडपर्यंत धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची जी प्रकरणे उजेडात आली, त्यांत दोषींची गुपचूप बदली करून विषय मिटवल्याची उदाहरणे पुष्कळ होती. जिथे अपराधाचे नावच घेतले गेले नाही तिथे कुणी काय सोडले, हा प्रश्नच उरत नाही.

याउलट उदाहरण ओडिशातले. कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दहा व सहा वर्षांचे दोन मुलगे यांना जानेवारी १९९९ मध्ये केओंझर जिल्ह्यातील मनोहरपूर येथे गाडीत जिवंत जाळण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. मात्र क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, हेही त्यांनी स्पष्ट केले. खटला चालला, मुख्य आरोपीला २००३ साली फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती जन्मठेपेवर आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस यांनी न्यायालयाचे काम न्यायालयावर सोपवले आणि स्वतः बारिपद्याच्या कुष्ठधामाचे काम २००४ पर्यंत पाहिले. आपल्या मनाचे येणे त्यांनी सोडले. समाजाचे येणे सोडण्याचा अधिकार आपला आहे असे मानले नाही.

असे प्रसंग बहुतेकांच्या वाट्याला येत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याकडे पाहून क्षमा ही संतांची गोष्ट ठरवणे आपल्याला सोयीचे जाते. प्रभूच्या प्रार्थनेची रचना ही सोय ठेवत नाही. तिच्यात ऋण सोडण्याची मागणी येते ती रोजच्या भाकरीच्या मागणीला लागूनच. काल जेवलो म्हणून आज भूक चुकत नाही. तसेच काल सोडलेला राग आज पुन्हा येऊन बसतो आणि पुन्हा सोडावा लागतो. 'जाऊ दे' हा शब्द आपण दिवसातून दहादा उच्चारतो, पण तो बहुधा विषय टाळण्यासाठी असतो, आणि टाळलेले येणे मनात व्याजासकट वाढत राहते.

या रोजच्या सोडण्याचे मराठीतील सर्वांत सुंदर उदाहरण आमच्या मते एखाद्या प्रवचनसंग्रहात नसून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या या आत्मकथेत लेखिकेची येणी थोडी नाहीत. वडिलांचे सोवळ्याचे वेड, पतीचा तापट स्वभाव, न सांगता घर सोडून जाणे, हाती आलेला पैसा वाटून मोकळे होणे, आणि १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यानंतरची ताटातूट, जी सरून लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घ्यायला १९०० साल उजाडले. यातले काहीही त्या लपवत नाहीत, सौम्य करून सांगत नाहीत. टिळकांचे देवत्व उभे करण्याचा मोह त्यांना होत नाही आणि त्यांच्यावर आरोपपत्र ठेवण्याचाही होत नाही. सगळा हिशेब मांडलेला आहे, वसुलीची भाषा मात्र कुठेच नाही. त्यांच्या विनोदाला केवळ 'निर्मळ' म्हणून आपण पुढे जातो. तो निर्मळ झाला कसा, हे विचारत नाही. सोसणारीचा विनोद इतका मोकळा नसतो, त्यात कडवटपणा कुठेतरी उतरतोच.

वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना लक्ष्मीबाईंच्या सोशिकतेचे गोडवे गायले जातात, ते आता थांबावेत असे आम्ही सुचवतो. सोशिक बाई गप्प राहिली असती. लक्ष्मीबाईंनी सगळे बोलून दाखवले आणि मग सोडले. विद्यार्थ्यांना, विशेषतः विद्यार्थिनींना, हा फरक कळला, तर क्षमा हा शब्द त्यांना धाकासारखा ऐकू येणार नाही.