एका तासाचा रोजगार

भारतातील बेरोजगारीचा मासिक दर १५ मे २०२५ रोजी पहिल्यांदा अधिकृतपणे जाहीर झाला. तो एप्रिल महिन्याचा होता: १५ वर्षे आणि त्यावरील वयोगटात ५.१ टक्के. म्हणजे काम करणारी आणि काम शोधणारी माणसे एकत्र मोजली, तर शंभरांत पाच बेकार. त्याच एप्रिलच्या १९ तारखेला राजस्थानात चतुर्थ श्रेणी कर्मचारी भरतीच्या अर्जांची मुदत संपली. जागा ५३,७४९ आणि अर्ज सुमारे २४ लाख ७६ हजार. पात्रता दहावी पास, काम शिपायाचे. अर्जदारांत पदवीधर होते, एमबीए होते, कायद्याचे पदवीधर होते, पीएच.डी. केलेलेही होते. एका जागेमागे ४६ जण. २०११च्या जनगणनेत राजस्थानची लोकसंख्या ६ कोटी ८५ लाख होती. ती धरली तर पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत दर २८ माणसांमागे एक अर्ज.

दोन्ही आकडे सरकारी आहेत आणि दोन्ही एकाच महिन्यातले आहेत. अर्जांच्या आकड्यात लोकांचे हाल दिसतात. दराच्या आकड्यात ते दिसत नाहीत, कारण तो दर ज्या व्याख्येवर उभा आहे ती व्याख्याच हाल दिसू देत नाही.

मासिक दर नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून निघतो आणि त्यासाठी ‘चालू साप्ताहिक स्थिती’ ही कसोटी वापरली जाते. सर्वेक्षक घरी येतो त्याच्या आधीच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. बेकार ठरण्यासाठी सातही दिवसांत एक तासही काम झालेले नसावे, आणि शिवाय त्याने काम शोधलेले असावे किंवा मिळाल्यास करायची तयारी असावी.

ही कसोटी जयपूरच्या चौखटीवर लावून पाहावी. मुंबई-पुण्यात ज्याला मजुरांचा नाका किंवा अड्डा म्हणतात, त्याला जयपूरमध्ये चौखटी म्हणतात. सकाळी गवंडी, बिगारी, रंगारी, फरशीवाले डबा घेऊन तिथे उभे राहतात. ठेकेदार येतात, माणसे निवडतात, घेऊन जातात. दहा-साडेदहानंतर जे उरतात त्यांचा दिवस गेला. समजा एखादा बिगारी सातही दिवस चौखटीवर उभा राहिला आणि त्याला एकच दिवस काम मिळाले. सहा दिवस तो रिकाम्या हाताने घरी परतला. मासिक दरासाठी तो त्या आठवड्यात पूर्ण रोजगारात असतो. अर्धा नव्हे, सातवा हिस्साही नव्हे, पूर्ण. सातही दिवस काम मिळालेल्या त्याच्या शेजाऱ्यात आणि त्याच्यात हा दर तसूभरही फरक करत नाही. असा हिशेब एखाद्या किराणा दुकानदाराने मांडला तर गिऱ्हाईक त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही. देशाच्या पातळीवर मात्र तो दर महिन्याला मांडला जातो आणि दर अर्ध्या टक्क्याने घसरला की त्याचा आनंद साजरा केला जातो.

हा दोष कुणाच्या लक्षात आला नव्हता, अशी सबब चालणार नाही. १९६८ साली मुंबई विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली बेरोजगारीच्या अंदाजांसाठी तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि १९७०मध्ये तिचा अहवाल आला. घरचा धंदा, घरची शेती आणि मिळेल तेव्हा मजुरी यांवर जगणाऱ्या देशाला पगारी नोकऱ्यांच्या देशांतले मोजमाप जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि सगळ्या देशाची बेरोजगारी एका आकड्यात कोंबू नये, हे त्या समितीने स्पष्टपणे सांगितले. त्यानंतर १९७२-७३च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून तीन मापे वापरात आली: वर्षाची, आठवड्याची आणि दिवसाची. दैनिक मापात दर दिवसाचे दोन अर्धे भाग धरले जात. चौखटीवरच्या त्या बिगाऱ्याचे १४ अर्धे दिवस होतात. त्यांतले दोन कामाचे आणि बारा बेकारीचे म्हणून नोंदले जात.

मापाने किती फरक पडतो हे २०११-१२च्या पाहणीत दिसते. वर्षाच्या मापाने बेरोजगारी २.२ टक्के, आठवड्याच्या मापाने ३.७ टक्के आणि दिवसाच्या मापाने ५.६ टक्के. वर्ष तेच, घरे तीच, माणसेही तीच. फुटपट्टी बदलली आणि बेकारी अडीचपट झाली. दर महिन्याच्या मथळ्यात आता आठवड्याचे माप असते. जे माप दिवस वाया गेलेल्या माणसाला मोजत होते, ते तिथे नाही.

घरांच्या आत शिरल्यावर हिशेब आणखी बिघडतो. जुन्या जयपुरात बायका घरी बसून रत्नांचे मणी ओवतात, गोटापट्टी शिवतात, लाखेच्या बांगड्यांना हातभार लावतात. काहींना नगामागे थोडेफार पैसे मिळतात, काहींच्या हातात काहीच पडत नाही, कारण काम नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. ज्यांना काहीच मिळत नाही त्यांना ‘घरच्या धंद्यातील बिनपगारी मदतनीस’ म्हणतात, आणि त्या रोजगारात मोजल्या जातात. २०२३-२४च्या वार्षिक पाहणीत देशातील काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारात होते. त्यांच्यातच हे बिनपगारी मदतनीस येतात आणि एकूण काम करणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १९.४ टक्के होते. काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये ते एक-तृतीयांशाहून जास्त होते. पाच कामकऱ्यांतला जवळजवळ एक जण मोबदल्याशिवाय राबतो, आणि त्याच्या राबण्यामुळे देशाची बेरोजगारी कमी दिसते. याला स्वयंरोजगाराचे यश म्हणणे निर्लज्जपणाचे आहे.

दराचा छेदही तपासायला हवा. भागाकार लोकसंख्येने होत नाही, श्रमबलाने, म्हणजे काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या माणसांच्या बेरजेने होतो. शंभर जणांच्या श्रमबलात दहा बेकार असतील तर दर दहा टक्के. त्यांतले पाच जण थकून काम शोधणे सोडून देतात. आता श्रमबल ९५, बेकार पाच आणि दर साधारण सव्वापाच टक्के. एकही नोकरी निर्माण झाली नाही आणि दर जवळजवळ निम्म्यावर आला. जयपूरमधल्या गोपालपुरा बायपासवरच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये बसणारा मुलगा बेकार की विद्यार्थी, हे सर्वेक्षकाला तो काय सांगतो त्यावर ठरते. ‘अभ्यास करतो’ म्हणाला तर तो श्रमबलाबाहेर गेला. खोलीभाड्यासाठी शेजारच्या पोराची तासभर शिकवणी घेतली तर रोजगारात. एवढे करूनही एप्रिल २०२५मध्ये १५ ते २९ वयोगटातला दर १३.८ टक्के होता, शहरांत १७.२ टक्के आणि शहरी तरुणींमध्ये २३.७ टक्के. हे आकडे त्याच सरकारी पत्रकात छापलेले आहेत. मथळा मात्र ५.१चा होतो.

दर महिन्याला आकडा दिल्याने आणखी एक भूल पडते. जयपूरजवळच्या सांगानेर आणि बगरूची कापडछपाई उन्हावर चालते. कापड धुऊन, छापून, उन्हात वाळवावे लागते आणि पावसाळ्यात ते काम मंदावते. पतंगांचा धंदा संक्रांतीभोवती फिरतो, जयपुरी रजाईचा थंडीभोवती, शेतमजुरी सुगीभोवती. एप्रिलमध्ये देशाचा श्रमबल सहभाग ५५.६ टक्के होता, मेमध्ये तो ५४.८ झाला आणि बेरोजगारी ५.१वरून ५.६वर गेली. याचे कारण सुगी संपल्याचे आणि उन्हाच्या तडाख्याचे सांगण्यात आले. कारण खरेही असेल. पण दर चढला की ऋतूचा परिणाम आणि दर उतरला की धोरणाचे यश, ही वाटणी प्रामाणिक माणसाने करू नये.

या टीकेवर तीन उत्तरे हमखास दिली जातात. पहिले असे की एका तासाचा नियम आंतरराष्ट्रीय आहे. नियम तसा आहे खरा. तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेने १९८२मध्ये नक्की केला, कारण राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात थोडेसे कामही सुटू नये. पण त्याच संघटनेच्या परिषदेने अपुऱ्या कामाचे मोजमाप वेगळे द्यायला सांगितले आणि २०१३मध्ये केवळ घरच्या वापरासाठी केलेले उत्पादन रोजगाराच्या व्याख्येतून काढले. भारतात घरच्या खाण्यापुरते पिकवणारा आजही रोजगारात आहे. अमेरिकेत दर महिन्याला एक नव्हे, बेरोजगारीची सहा मापे प्रसिद्ध होतात. निराश होऊन शोध सोडलेले त्यांत येतात, पूर्ण वेळ काम हवे असून अर्धवेळ मिळालेलेही येतात. तिथे घरच्या धंद्यातला बिनपगारी माणूस आठवड्यात १५ तास राबल्याशिवाय रोजगारात धरत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमाचा आधार घ्यायचा तर तो पुरता घ्यावा.

दुसरे उत्तर चीड आणणारे आहे: तरुणांना सरकारी नोकरीचा मोह आहे, कष्ट नकोत. चतुर्थ श्रेणीचे काम म्हणजे फायली वाहणे, पाणी देणे, खोल्या उघडणे. पीएच.डी. झालेला माणूस त्यासाठी अर्ज करतो तेव्हा त्याला कष्टाची लाज नसते. त्याला महिन्याच्या शेवटी ठरलेला पगार, आजारपणात रजा आणि उद्या कुणी काढून टाकणार नाही याची खात्री हवी असते. देशातल्या बिगरशेती पगारी नोकरदारांपैकी निम्म्याहून अधिकांकडे नोकरीचा लेखी करार नाही. महाराष्ट्रातही २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाख ७६ हजार अर्ज आले, एका जागेमागे शंभराहून जास्त. दोन राज्यांतल्या बेचाळीस लाख अर्जांना आळस म्हणणाऱ्याने एकदा पहाटे भरतीच्या मैदानावर धावणाऱ्या पोरांकडे पाहावे.

तिसरे उत्तर म्हणजे अर्जदारांतले बरेच जण आधीच कुठेतरी कामाला असतात. नेमके हेच या लेखाचे म्हणणे आहे. ते कामाला आहेत आणि त्या कामावर जगता येत नाही. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. तो दिवसभर ऑर्डरची वाट पाहत मोटारसायकलवर बसतो, चहाच्या टपरीवर हात लावतो, काकाच्या दुकानात उभा राहतो. बेरोजगारीच्या दरात त्याला जागा मिळत नाही, म्हणून तो शिपायाच्या भरतीत दिसतो.

काम नसलेल्यांना मोजण्याची दुसरी रीत या देशाला ठाऊक आहे आणि ती महाराष्ट्रात सुरू झाली. वि. स. पागे यांनी १९६५मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमी योजनेचा प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९मध्ये तो अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ या तत्त्वात मोजणी आपोआप होते. कोणी काम मागितले, किती दिवस मागितले, किती दिवस मिळाले, हे हजेरीपटावर राहते. राजस्थानने ९ सप्टेंबर २०२२ रोजी शहरांसाठीही शंभर दिवसांच्या कामाची योजना सुरू केली. गवत काढणे, नाले साफ करणे, रोपे लावणे या कामांसाठी शहरातली माणसे, त्यांत मोठ्या संख्येने बायका, नाव नोंदवायला आली. आठवड्याच्या कसोटीत त्यांतल्या कित्येक जणी रोजगारात किंवा श्रमबलाबाहेर मोजल्या गेल्या असत्या.

सुधारणेसाठी नवे सर्वेक्षण लागत नाही. जानेवारी २०२५पासून नमुना वाढवून वर्षाला सुमारे २ लाख ७२ हजार घरांपर्यंत नेलेला आहे. जिल्हा हा पाहणीचा मूळ घटक केलेला आहे, तेव्हा जयपूर जिल्ह्याचे वार्षिक चित्र मांडण्याचा पाया तयार आहे. सर्वेक्षकाच्या प्रश्नपत्रिकेत सातही दिवसांच्या कामाचे तास विचारले जातात, आणखी किती तास काम करायची तयारी आहे तेही विचारले जाते. ही उत्तरे दर महिन्याला गोळा होतात. मासिक पत्रकाच्या पहिल्याच ओळीत दराशेजारी तीन आकडे छापावेत: आठवड्यातले किती अर्धे दिवस कामाविना गेले, किती जणांना आणखी काम हवे होते, आणि काम करणाऱ्यांपैकी किती जणांना कामाचा एकही पैसा मिळाला नाही.