वाकणारा महाराजा

परभणी जिल्ह्यातील शेतकरी ज्वारीच्या रानात राबत असता डोक्यावरून एखादे विमान जाते. तो क्षणभर मान वर करून पाहतो आणि पुन्हा कामाला लागतो. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. परदेशी जावयाचे झाल्यास येथील मनुष्य बहुधा रात्रीच्या आगगाडीने मुंबई गाठतो व तेथे विमानात चढतो. अशा शेतकऱ्याचा एअर इंडियाशी काय संबंध, असे कोणी विचारील. वस्तुतः हा संबंध मोठा जवळचा आहे.

जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ साली सुरू केलेल्या टपालसेवेतून एअर इंडिया उदयास आली. १९५३ साली राष्ट्रीयीकरण होऊन ती साऱ्या देशाची झाली. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने ती पुन्हा टाटा समूहाच्या स्वाधीन केली, तेव्हा तिच्या कर्जापैकी सुमारे ४६,००० कोटी रुपयांचा भार सरकारकडेच राहिला. सरकारी तिजोरी ही सर्वांची. काडेपेटीपासून खतापर्यंत प्रत्येक खरेदीवर कर देणारा, जन्मात विमानाची पायरी न चढलेला मनुष्यही अशा रीतीने त्या भाराचा वाटेकरी झाला.

मग देशाला मिळाले काय? १९९० साली इराकने कुवेत बळकावले, तेव्हा पोटासाठी तिकडे गेलेले असंख्य भारतीय संकटात सापडले. जॉर्डनमधील अम्मान येथून एअर इंडियाने दोन महिन्यांत लाखाहून अधिक लोकांना मायदेशी आणले. कित्येकांच्या अंगावरील कपड्यांखेरीज जवळ काही उरले नव्हते. ‘राष्ट्रीय’ या शब्दाचा खरा अर्थ अशा वेळी कळतो.

आज ही कंपनी खाजगी आहे. व्यापार म्हटला की नफा पाहावाच लागतो. त्यात गैर काही नाही. तथापि ज्यांनी तिचे कर्ज वाहिले, त्यांचे ऋण मालक बदलल्याने फिटत नाही. इंग्रजी न जाणणारा, प्रथमच विमानात बसणारा, गाठोडे छातीशी धरून गोंधळलेला खेडूत दिसताच त्याला हात धरून जागेवर नेणे, त्याच्याशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलणे, हीच त्या ऋणाची खरी फेड होय.

या कंपनीचे बोधचिन्ह म्हणून १९४६ साली एक महाराजा अवतरला. फेटा बांधलेला हा राजा पाहुण्यापुढे कमरेत वाकून उभा असतो. श्रीमंतापुढे कोणीही वाकतो. परभणीच्या शेतकऱ्यापुढेही तो तितकाच वाकला, तरच ते वाकणे खरे.