बीडीएस : नावापुढच्या ‘डॉ.’साठी नको

नीटचा निकाल लागला की साकीनाक्यात, जरीमरीत, खैरानी रोडच्या गल्ल्यांत घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. ७२० पैकी इतके गुण आले, सरकारी एमबीबीएस मिळणार नाही, खासगीची फी झेपणार नाही. मग कुणीतरी मामू किंवा खालू तोडगा सुचवतात : “बीडीएसला टाका, नावापुढे डॉक्टर तर लागेल.” हे वाक्य मला खटकतं. बीडीएस वाईट आहे म्हणून नव्हे, तर सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या सगळ्या आयुष्याचा निर्णय एका ‘डॉ.’वर घेतला जातो म्हणून.

अमेरिकेत दंतवैद्य व्हायचं तर साधारणपणे आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचं दंतशिक्षण घ्यावं लागतं. तिथली काही विद्यापीठं शाळा संपताच दोन्ही मिळून सहा-सात वर्षांत पूर्ण करणारा जलद मार्ग देतात. आपल्याकडे जलद मार्ग हाच एकमेव मार्ग आहे. बारावी, नीट, चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. तेविसाव्या वर्षी तुम्ही दंतवैद्य. एकाच कमाईवर चालणाऱ्या घराला ही कमी वर्षं मोठा आधार आहेत. पण विचार बदलायला मधे थांबा नाही. म्हणून विचार प्रवेशाआधीच करायला हवा.

हा पेशा आपल्याला परका नाही. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय १९२० साली कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी सुरू केलं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ते शिकले होते. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्याच महाविद्यालयात शिकून फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दवाखाना काढला. त्यांचं पुढचं राजकारण आपल्याला मान्य नसेल, पण शंभर वर्षांपूर्वी एक मुस्लिम तरुणी या शहरात स्वतःच्या दवाखान्यात दात तपासत होती, हे आजच्या मुलींनी लक्षात ठेवावं.

आता पैशांचं बोलू. फरक बीडीएस घ्यावं की नाही यापेक्षा जागा कुठली यात जास्त आहे. साकीनाक्याहून मेट्रोने घाटकोपर आणि तिथून लोकलने सीएसएमटी गाठलं की शासकीय दंत महाविद्यालय जवळच आहे. महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. घरून जाऊन-येऊन शिकता येतं, होस्टेलचा खर्च नाही. खासगी महाविद्यालयाची फी वर्षाला काही लाखांत जाते, आणि अवजारं, साहित्य यांचा खर्च वेगळा. शुल्क नियामक प्राधिकरण खासगी महाविद्यालयांची मंजूर फी जाहीर करतं. एजंटला विचारण्याआधी ती पाहा.

कागदपत्रांत आपण सर्वांत जास्त हरतो. शिक्षणातलं पाच टक्के मुस्लिम आरक्षण २०१४ साली उच्च न्यायालयाने रोखलं नव्हतं, पण पुढच्या सरकारने अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर केलं नाही. तो लढा चालूच राहील. तोवर जे हातात आहे ते तरी घेऊ. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. जे कोणत्याही राखीव प्रवर्गात नाहीत आणि ज्यांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, ते ईडब्ल्यूएसचा दाखला काढू शकतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा अभिमत विद्यापीठ त्यात बसत नाही. जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर यांची धावपळ निकालानंतर नको, अकरावीतच सुरू करा.

पदवीनंतर काय, हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही. नव्या बीडीएसला दुसऱ्याच्या दवाखान्यात सुरुवातीला मिळणारा पगार बहुतेक घरांच्या अपेक्षेपेक्षा कमी असतो. स्वतःचा दवाखाना म्हणजे डेंटल चेअर, एक्स-रे, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह आणि मुंबईतलं भाडं. एमडीएस करायचं तर पुन्हा नीट आणि आणखी तीन वर्षं. राष्ट्रीय दंत आयोगाच्या २०२३ च्या कायद्यात शेवटच्या वर्षाला एक्झिट परीक्षेचीही तरतूद आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण घर गहाण टाकून खासगी जागा घेण्याआधी हे गणित कागदावर मांडायलाच हवं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, हे हाताचं काम आहे. पहिल्या वर्षी मेणातून दात कोरायला लागतात, पुढे तासन्‌तास वाकून लहानशा जागेत काम करावं लागतं. ओळखीच्या दंतवैद्याला विचारून त्यांच्या दवाखान्यात चार दिवस बसा. रक्त, लाळ, रडणारं मूल हे सगळं पाहूनही पाचव्या दिवशी जावंसं वाटलं, तर तुमचं उत्तर मिळालं.

या कामाची आपल्या वस्तीत गरज किती आहे, ते कारखान्यांत जाऊन पाहा. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुड्या मिळतात. शिलाई मशीनवर, भंगारच्या गोदामात कामगार दिवसभर मावा, सुपारी चघळतात. हळूहळू तोंड उघडेनासं होतं, घास तिखट लागतो, गालात पांढरा चट्टा येतो. कॅन्सरची ही पूर्वखूण वेळेत ओळखू शकणारा पहिला माणूस बहुधा दंतवैद्यच. ज्याला हे काम करायचंय त्याच्यासाठी बीडीएस दुसऱ्या नंबरचं बक्षीस नाही.

माझं मत स्पष्ट आहे. काम आवडत असेल आणि सरकारी किंवा फीमाफीची जागा मिळत असेल, तर बिनदिक्कत घ्या. काम आवडतंय पण जागा खासगी आहे, तर आधी कर्जाचा हप्ता आणि सुरुवातीचा पगार शेजारी शेजारी लिहा. काम आवडतच नसेल, तर नकार द्या. बीएस्सी, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी यांतही इज्जत आहे. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक अट घरच्यांकडून कबूल करून घ्या : ही पदवी रिश्त्याच्या बायोडेटासाठी नाही, प्रॅक्टिस करण्यासाठी आहे.

जमातीनेही थोडं करावं. मशिदींच्या आणि मंडळांच्या सत्कारात शाली, ट्रॉफ्या वाटण्यापेक्षा गरजू विद्यार्थ्याचा पहिल्या वर्षाचा अवजारांचा संच घेऊन द्यावा. शाल कपाटात राहते. त्या अवजारांवर शिकलेला हात उद्या आपल्याच गल्लीत कुणाचा तरी चट्टा वेळेत ओळखेल.