परवलीचा शब्द विसरल्यावर

परवलीचा शब्द, म्हणजे आपला रोजचा पासवर्ड, विसरला की माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस चूक करतो. मी ती केली आहे, म्हणून हा लेख.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ आमचे सिरोंचा वसले आहे. येथे आमचे विद्यार्थी रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातील पाणी मोजतात. २०२१ ते २०२३ या तीन पावसाळ्यांचे आकडे आम्ही प्रयोगशाळेतील संगणकात भरले होते. जुलै २०२२ मध्ये गोदावरीच्या पुराने तालुक्यातील कितीतरी गावे वेढली. त्या दिवसांचे आकडेही त्यांत होते.

दिवाळीच्या सुट्टीला जाण्याच्या आदल्या दिवशी मी परवलीचा शब्द बदलला आणि सुट्टीनंतर तो आठवेना. दहा-बारा शब्द घालून पाहिले. शेवटी बाहेरगावाहून एका कारागिराला बोलावले. त्याने तासाभरात संगणक सुरू करून दिला. पण त्यासाठी आतले सगळे पुसून नवी प्रणाली भरली. तीन पावसाळे वाहून गेले. कागदावरची टिपणे आम्ही जपली नव्हती.

तुम्ही विचाराल, संगणकाला तर तो शब्द माहीत असणारच. मग तो सांगत का नाही? गंमत अशी, की नीट बांधलेल्या संगणकाला तो माहीतच नसतो! १९६० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एकाच संगणकावर अनेकजण काम करू लागले, तेव्हा सर्वांचे शब्द एका यादीत जसेच्या तसे ठेवलेले असत. एकदा चुकून ती यादीच प्रत्येकाला दिसू लागली. अशा अनुभवांतून शास्त्रज्ञ शहाणे झाले.

आता संगणक काय करतो? तुमच्या शब्दावर तो एक एकेरी गणित करतो आणि फक्त उत्तर जपून ठेवतो. गव्हाचे पीठ होते, पण पिठाचा पुन्हा गहू होत नाही, तसेच हे. पुढच्या वेळी तुम्ही घातलेला शब्द तो पुन्हा दळतो आणि दोन पिठे जुळली तर दार उघडतो. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी यात एक सुधारणा मांडली. दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या शब्दात एक वेगळी संख्या मिसळायची, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ निराळे पडते. या संख्येला त्यांनी नाव दिले ‘मीठ’!

मग एकेक शब्द घालून शोधता येईल का? हिशेब करू या. इंग्रजी लिपीतील आठ लहान अक्षरांचे शब्द २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी होतात. सेकंदाला १,००० कोटी शब्द तपासणाऱ्या यंत्राला त्यासाठी २१ सेकंद पुरतील. पण दळण मुद्दाम संथ ठेवले आणि एका शब्दाला सेकंदाचा दहावा भाग लागला, तर तेच काम सुमारे ६६० वर्षांचे होते. तेव्हा आठवत नसलेला शब्द शोधत बसण्यापेक्षा नवा शब्द ठेवण्याची वाट आधीच तयार असावी, हे बरे.

ती वाट कोणती, हे कुलूप कुठे आहे यावर ठरते. आमच्या संगणकात कुलूप फक्त दाराला होते. आतील माहिती गुप्त लिपीत नव्हती. त्याची हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली असती, तर सारे आकडे जसेच्या तसे उतरवून घेता आले असते. दार उघडत नाही म्हणून आम्ही घरच पाडले! हे मला मागाहून कळले. मात्र डिस्कवरील माहितीच गुप्त लिपीत असेल, तर ही युक्ती चालत नाही. विंडोजच्या बिटलॉकर या सोयीत अशा वेळी ४८ अंकी पुनःप्राप्ती क्रमांक लागतो. परवलीचा शब्दही गेला, तो क्रमांकही नाही आणि दुसरी प्रतही नाही, तर माहिती गेली असेच समजावे. म्हणून कोणी संगणक दुरुस्तीला घेतला, तर पहिला प्रश्न विचारावा: ‘आतली माहिती राहील ना?’

काही ठिकाणी विसरणाऱ्याला आईचे माहेरचे आडनाव किंवा पहिल्या शाळेचे नाव विचारतात. आपल्यासारख्या लहान गावात ही उत्तरे कोणाला ठाऊक नसतात? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत असे प्रश्न ठेवू नयेत, असे म्हटले. ठरावीक मुदतीने शब्द बदलण्याची सक्तीही करू नये, असेही त्यांत सांगितले. शब्द फुटल्याचा संशय आला तर तो अवश्य बदलावा; पण उगीच बदललेला शब्द विसरतो, याचा मी साक्षीदार आहे.

काही शाळांत तो शब्द चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतात. इतर काही ठिकाणी तो एकाच शिक्षकाच्या डोक्यात असतो, आणि त्यांची बदली झाली की संगणक मुका होतो. माझ्या मते दोन्ही रीती वाईट. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की तीन गोष्टी आजच कराव्यात. शाळेच्या प्रत्येक संगणकावर दुसऱ्या जबाबदार व्यक्तीचे व्यवस्थापक खाते असावे. परवलीचा शब्द आणि पुनःप्राप्ती क्रमांक मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात, दाखलखारिज रजिस्टरशेजारी राहावेत. आणि महत्त्वाच्या माहितीची एक प्रत त्या संगणकाबाहेर असावी. जिल्ह्याचे ठिकाण जेथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे, तेथे कारागिराच्या भरवशावर राहून भागत नाही.

विसरणे हा गुन्हा नव्हे. विसरू हे ठाऊक असून तयारी न करणे ही चूक. आमचे विद्यार्थी आता पावसाचे आकडे संगणकात भरतात, महिन्याला त्यांची वेगळी प्रत काढतात आणि शिवाय वहीतही लिहितात. पण पुराच्या त्या दिवसांत येथे किती पाऊस झाला, असे एखाद्या मुलीने विचारले, तर तिला दाखवायला आमच्याजवळ आमचा आकडा नाही.